मशीन जरा बंद करा

ज्याच्या हाताखाली अख्खा जेसीबी चालायचा तो माझा मुलगा कुदळीनं घराचा पाया खणत होता, आणि येणारा-जाणारा थांबून बघत होता.

"काय ड्रायव्हर, चमचा देऊ का आणून? लवकर होईल!" दूधवाल्यानं सायकलवरूनच आवाज दिला.

पोरानं मान वर केली नाही. कुदळ उचलली, मारली. जमीन अशी कडक की कुदळ आत जायच्याऐवजी उडून परत यायची आणि त्याच्या खांद्याला हिसका द्यायची. तळहातावरचे फोड फुटून त्यावर दुसरे आले होते. सूनबाई घमेलं भरायची, डोक्यावर घ्यायची, लांब नेऊन टाकायची, परत यायची. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. पण ती घमेलं असं आपटायची, की तिच्या वतीनं तेच सगळं बोलून घ्यायचं.

पाऊस यायच्या आत जोतं वर यायला हवं होतं. भूकंपाला वर्ष होत आलं तरी आम्ही आपले मदतीत मिळालेल्या पत्र्याच्या खोलीत. ती खोली दुपारी एवढी तापायची की माझी सावली दारापर्यंत यायची आणि म्हणायची, तू जा आत, मी इथंच थांबते. खोटं वाटत असेल तर सुनेला विचारा. ती म्हणेल खोटं आहे, पण तिला माझं सगळंच खोटं वाटतं.

जेसीबी काही लांब नव्हता. मालकाच्या शेडमध्ये उभा होता, आमच्या दारातून दिसायचा. अर्ध्या दिवसात पाया खणून मोकळा झाला असता. मालक स्वतः येऊन सांगून गेला.

"अरे बाबा, घरच्या कामाला घेऊन जा. मी काही मागतोय का तुझ्याकडे? उभा राहून राहून गंजायला लागला तो. तुझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाही."

"कुदळ बरी आहे."

"काय बरी आहे तिच्यात?"

"आवाज करत नाही," पोरगा म्हणाला, आणि परत खणायला लागला.

भूकंपाच्या त्या दिवसापासून तो मशीनवर चढला नव्हता. का, ते सांगत नव्हता. आम्ही आपलं धरून चाललो होतो की नको ते बघितलंय, धसका घेतलाय, होईल हळूहळू. सूनबाईकडे हळूहळू शिल्लक नव्हतं. तिची मान आखडली होती. डावीकडच्या माणसाशी बोलायचं तर ती सगळीच्या सगळी वळायची.

अशात धडेवाले आले.

राजधानीहून एक गाडी आली. त्यात एक साहेब आणि एक चष्मेवाली मॅडम. भूकंपात देशानं काय बरोबर केलं, काय चुकलं, मदत कुठं पोचली, कुठं अडकली, पुढच्या वेळी काय करायचं, याचे धडे गोळा करत ते गावोगाव फिरत होते. साहेब बोलताना सारखे "धडे, धडे" म्हणायचे, म्हणून गावानं त्यांचं नाव धडेवाले ठेवलं. शाळेसमोर मांडव घातला, सगळ्यांना बसवलं. मॅडम फोन पुढे धरायची आणि म्हणायची, "जसं झालं तसं सांगा."

लोकांनी सांगितलं. तंबू आले पण बांबू आले नाहीत. पाणी आलं तेव्हा भरायला भांडं नव्हतं, ती सगळी भिंतीखाली. औषधांची खोकी आली, त्यावरचं कोणाला वाचता येईना. साहेबांना जांभया यायला लागल्या. मग माझी पाळी आली. आता जसं झालं तसं सांगितलं तर ऐकायला कोण थांबतं?

"साहेब," मी म्हणाले, "पहिला हादरा बसला तेव्हा विहिरीतलं पाणी एवढं उडालं की एक बेडूक शाळेच्या छपरावर जाऊन पडला. अजून तिथंच आहे. बिचाऱ्याला उतरायला कोणी शिडी देईना."

मांडव हसला. साहेबांनी मान वर करून छपराकडे बघितलं सुद्धा.

"आणि हा माझा मुलगा! यानं जेसीबी असा चालवला, असा चालवला, की बघणाऱ्याला वाटावं हत्तीच आहे. सोंड पुढे करायचा, वास घ्यायचा, आणि खाली माणूस असेल तिथंच थांबायचा. न्हाव्याचं तान्हं पोर पाळण्यासकट वर उचललं, त्याची झोपसुद्धा मोडली नाही. उलट खाली ठेवल्यावर रडायला लागलं, परत वर घ्या म्हणून! सकाळी मशीन चालू केलं ते संध्याकाळपर्यंत यानं बंद म्हणून केलं नाही. एक क्षण नाही!"

न्हाव्याचं पोर निघालं होतं, ते खरं. पाळणा आणि झोप माझी.

टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, "वा, याला म्हणतात जिद्द." पोरगा खाली मातीकडे बघत बसला होता. आणि मागच्या रांगेतून शिलाईवाली उठली.

ही आमच्या समोरच्या गल्लीतली. हिचा नवरा सायकली दुरुस्त करायचा. भूकंपात दुकानाचा स्लॅब त्याच्यावर आला. ती उठली, कोणाकडे न बघता मांडवाबाहेर गेली. जाताना तिची चप्पल मांडवाच्या दोरीत अडकली. तिनं ती सोडवली नाही. तशीच एका पायानं अनवाणी चालत गेली.

काही दिवसांनी मालक धापा टाकत आला. भूकंपाला वर्ष होतं त्या दिवशी धडेवाले गावात बचावाची तालीम घेणार होते. खोटी पडझड करायची, खोटी माणसं खाली ठेवायची आणि त्यांना काढून दाखवायचं. बघायला मंत्री येणार. जेसीबी ड्रायव्हरनंच चालवायचा, आणि शेवटी त्याचा सत्कार. वर तालुक्याला नवीन बचाव पथक निघतंय, त्यात त्याला पक्की नोकरी.

सूनबाईचा चेहरा वर्षभरात पहिल्यांदा उघडला.

"मी नाही," पोरगा खड्ड्यातून म्हणाला.

सूनबाईनं घमेलं मालकासमोरच आदळलं. मालक शहाणा, त्यानं काढता पाय घेतला.

"नाही म्हणजे काय? अजून किती माती वाहू मी? गावात हसतात, ऐकू येतं का तुला? ड्रायव्हरची बायको बिगारी झाली म्हणतात."

"म्हणू देत."

"आई, तुम्ही बोला ना! एरवी तर तोंड मिटत नाही तुमचं."

मी तोंड उघडायच्या आत पोरानं कुदळ टाकली आणि खड्ड्याच्या काठावर बसला.

"तिनं मशीन बंद करायला सांगितलं होतं," तो म्हणाला.

"कोणी?"

"शिलाईवालीनं. माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती. ओरडत होती, काय ते ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, सगळे म्हणतात तसंच, आधी माझ्याकडे ये. मी हातानं सांगितलं, थांब. ती मशीनच्या बकेटला लोंबकळली. दोघांनी तिला ओढून बाजूला नेलं." त्यानं तळहाताचं सुटलेलं कातडं दातानं तोडलं. "नवरा आतून ठोकतोय म्हणत होती. स्लॅबला कान लावून आली होती. मशीन जरा बंद करा म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल, एवढंच सांगत होती. ते मला नंतर कळलं."

"मग चावी फिरवायला काय झालं होतं?" सूनबाईनं विचारलं. पण आवाज खाली आला होता तिचा.

"बॅटरी."

त्या जेसीबीची बॅटरी केव्हाच मेली होती. रोज सकाळी ट्रॅक्टर शेजारी आणून उभा करायचा, वायरी जोडायच्या, त्याच्या जोरावर मशीन चालू करायचं, आणि मग दिवसभर बंद म्हणून करायचं नाही. जेवताना चालू, विडी ओढताना चालू. अख्ख्या गावाला माहीत होतं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मालक दर महिन्याला म्हणायचा, पुढच्या महिन्यात नवीन टाकू. त्या दिवशी ट्रॅक्टर भिंतीखाली होता. सकाळी एका ट्रकवरून चालू केलं आणि तो ट्रक जखमींना घेऊन शहराकडे गेला. मशीन एकदा बंद केलं असतं तर परत चालू झालंच नसतं.

"डिझेल संपलं तेव्हा आपोआप बंद झालं," पोरगा म्हणाला. "सगळं शांत झालं. मी उतरून पळत गेलो तिच्या नवऱ्याच्या दुकानाकडे. कान लावला. काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी काढला तेव्हा हातात पाना होता त्याच्या."

तो उठला, कुदळ उचलली. सूनबाईनं घमेलं उचललं. त्या दिवशी तिनं ते एकदाही आपटलं नाही.

मला काही चैन पडेना. शिलाईवालीकडे जायचं तर निमित्त हवं. मी माझ्या उशीचा अभ्रा काढला, मधोमध टरकन फाडला आणि घेऊन गेले.

तिची पत्र्याची खोली आमच्यासारखीच. दाराशी शिलाई मशीन, उजेडासाठी. तिनं अभ्रा उलटा केला, सुलटा केला.

"जुनं कापड असं सरळ फाटत नाही, मावशी. हातानं फाडलंय हे."

"माझ्या सुनेनं फाडलं असेल, रागात."

"बोला काय ते."

मी स्टुलावर बसले. तिच्या मागच्या भिंतीवर आरसा होता आणि त्याच्या शेजारच्या खिळ्याला पाना लटकवलेला. तेलानं काळा, एका टोकाला ठेचलेला. मी नजर काढून घेतली.

"तो सत्कार-बित्कार आम्ही घेत नाही," मी म्हणाले.

"घ्या की. मी कुठं आडवी येते? फक्त मला पुढच्या खुर्चीवर बसवू नका म्हणावं. ज्यांची माणसं गेली त्यांना पुढच्या खुर्च्या ठेवल्यात." तिनं पायानं मशीन चालवलं, टीप घातली, थांबली. "छान सांगता तुम्ही, मावशी. हत्ती वगैरे. एकदा माझ्या माणसालाही काढा ना बाहेर. पाळणा नको. नुसताच काढा."

मी पायाशी पडलेल्या चिंध्या गोळा करायला लागले.

तिनं दोरा दातानं तोडला. "राग नाही धरला मी तुमच्या पोरावर. धरला होता, पण तो रोज माती खणताना दिसतो. रागाला सुद्धा कंटाळा येतो. मला एकच कळायला हवंय. मी ऐकलं ते खरं होतं का? सगळे म्हणतात, तुला भास झाला, मशीनची थरथर असेल ती. वर्षभर मीच मला विचारतेय. मशीन बंद केलं असतं तर बाकीच्यांनाही ऐकू गेलं असतं, की मला एकटीलाच?"

अभ्रा शिवून झाला होता. मी तो काखेत मारला आणि थेट शाळेत धडेवाल्यांकडे गेले.

तालमीसाठी त्यांनी मैदानात मोठा सिमेंटचा पाइप ठेवला होता, वरून फरशा, विटा, पत्रे टाकायचे होते. आत एक कापडी बाहुली झोपवायची होती.

"बाहुलीला नंतर विचारणार का, आत कसं वाटलं?" मी म्हणाले. "मी बसते."

"आजी, तुमचं वय काय?" साहेब म्हणाले.

"भूकंपानं विचारलं नव्हतं."

मॅडम हसली, पण मग गंभीर झाली. तिनं पाइपला हात लावून बघितला, आत वाकून बघितलं. मागच्या तोंडाला नुसतं झाकण लावू, तिथं एक माणूस ठेवू, घाबरलात तर शिट्टी वाजवा, असं म्हणून ती तयार झाली. साहेबांना तिनंच पटवलं.

पोराला कळलं तेव्हा त्याची कुदळ हवेतच थांबली.

"तुझ्या डोक्यावर बकेट कोण चालवणार?"

"मालकाचा भाचा," मी म्हणाले.

मालकाच्या भाच्यानं गेल्याच आठवड्यात जेसीबी मागे घेताना मालकाचाच संडास पाडला होता. पोरगा माझ्याकडे बघत राहिला. मी आपली नखं बघत होते. मग तो उठला, हातपाय धुतले आणि शेडकडे चालायला लागला. सूनबाई त्याच्या पाठीकडे बघत म्हणाली, "आई, तुम्ही फार वाईट आहात हं." एवढं प्रेमानं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

तालमीच्या सकाळी मी मैदानाकडे निघाले तेव्हा शिलाईवाली वाटेत उभी होती. तिनं माझ्या हातात पाना दिला.

"यानं ठोका," म्हणाली, आणि गर्दीत मिसळली.

पाइपमध्ये मी पाय पोटाशी घेऊन बसले. झाकण लागलं. वर फरशा पडायला लागल्या, धाड धाड. अंधार झाला. सिमेंटचा वास नाकात भरला. मग भोंगा वाजला आणि मशीन चालू झालं. ट्रॅक्टर जवळ आणून, वायरी जोडूनच चालू केलं असणार. वर्ष झालं, देशानं धडे गोळा केले, बॅटरी तीच.

तो आवाज बाहेर ऐकणं वेगळं. आत तो कानात येत नाही, हाडात येतो. माझी कवळी असती तर निसटून पडली असती. आधी मला मजा वाटली. मी म्हणाले, बघू शिट्टी. पुढचे दात नाहीत, शिट्टीतून नुसती हवा. मग हाक मारली. पोराला मारली, सुनेला मारली, साहेबाला दोन शिव्या घातल्या, कोणी ऐकणार नाही म्हटल्यावर चांगल्या ठेवणीतल्या. माझ्या शिव्या मलाच ऐकू आल्या नाहीत.

मग पाना घेतला आणि ठोकायला लागले.

मला ठाऊक होतं हा खेळ आहे. मागे झाकण आहे, झाकणामागे माणूस आहे. तरी थोड्या वेळानं माझं तोंड कोरडं पडलं. मनगट दुखायला लागलं, पाना घामानं निसटायला लागला. वर बकेट खरवडत होती, माती फटीतून डोळ्यात येत होती. मी ठोकत होते आणि माझी मला खात्री वाटेना की मी ठोकतेय. ठोकल्याचा धक्का हाताला लागायचा, आवाज कुठंच नाही. मला सायकलवाला आठवला. तो हसरा होता. पंक्चर काढताना म्हणायचा, मावशी, हवा काय, जाते नि येते.

आणि मशीन बंद झालं.

एकदम. असं शांत झालं की माझाच श्वास मला दुसऱ्या कोणाचा वाटला. मी ठोकायचं विसरले.

वर माइकवर साहेबांचा आवाज आला. "यंत्रात किरकोळ बिघाड झाल्यामुळे, पाहुण्यांनी कृपया..."

"बिघाड नाही," माझा पोरगा ओरडला. "मी बंद केलंय. सगळे गप्प बसा."

"अरे, ट्रॅक्टर पाठवून दिलाय, परत चालू नाही व्हायचं ते!" हा मालक.

"नाही झालं तर नाही. गप्प बसा म्हटलं ना!"

साहेबांचा माइक खरखरला आणि थांबला. मॅडमनं काढून घेतला, असं नंतर सूनबाईनं सांगितलं. कोणाचं तरी पोर रडत होतं, त्याला कोणी छातीशी धरलं असावं. सगळं मैदान थांबलं.

मी पाना उचलला आणि मारला. ठण्. परत. ठण्. ठण्.

पावलं पळत आली. अनवाणी. वरच्या फरशीवर कोणी तरी आडवं पडलं. मग अगदी माझ्या डोक्यावर शिलाईवालीचा आवाज.

"हाच." मग मोठ्यानं, "हाच आवाज! ऐकला ना? सगळ्यांनी ऐकला ना?"

मी ठोकत राहिले.

"सांगा ना," ती म्हणाली. "कोणीतरी सांगा."

"ऐकला," दूधवाला म्हणाला.

"ऐकला, ताई." हा न्हावी.

मग इथून, तिथून, बायकांचे, पुरुषांचे, एकेक. आणि सगळ्यात शेवटी, फरशीच्या अगदी पलीकडून माझ्या पोराचा. "ऐकला. गेला असता ऐकू."

ती वरच पडून राहिली असावी, कारण फरशी हलेना. मी थांबले तशी म्हणाली, "ठोका, मावशी. अजून थोडं ठोका." मी ठोकलं. हात गळून पडेपर्यंत ठोकलं.

मशीन परत चालू झालं नाही. वरचा ढीग लोकांनी हातांनी उपसला. मला बाहेर काढलं तेव्हा मंत्री मोटारीत बसून निघालेही होते. सत्काराचं कोणी नाव काढलं नाही. मालक जेसीबीच्या चाकाला टेकून खाली बघत उभा होता.

मॅडम माझ्यासमोर उकिडवी बसली. फोन धरला. मागे अख्खं गाव गोळा झालं, आता आजी सांगणार, आता हत्ती येणार, पाताळ येणार. पोरं पुढे सरकली.

"आत काय झालं, आजी?"

"मी ठोकत होते," मी म्हणाले. "मशीन चालू होतं तोवर कोणाला कळलं नाही. बंद झालं तेव्हा कळलं."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

मी पाना शिलाईवालीला परत दिला. तिनं तो पदराच्या टोकात गुंडाळला. पोरगा तिच्यासमोर उभा होता. त्यानं तिच्या वाटेतली फरशी उचलून बाजूला ठेवली. ती तिथून निघाली.

पुढच्या आठवड्यात मालकानं न बोलता नवीन बॅटरी आणून बसवली. पोरानं पाऊस पडायच्या आत आमचा पाया खणला आणि आता समोरच्या गल्लीत शिलाईवालीचा खणतोय. मी दारात बसून बघत असते. खणता खणता तो मध्येच मशीन बंद करतो. खाली काही नसतं, नुसती जमीन. तरी बंद करतो आणि हात मांडीवर ठेवून बसतो. मालक म्हणतो, हे काय नवीन खूळ. पण मोठ्यानं म्हणत नाही.

तो बंद करतो तेव्हा तिकडे पत्र्याच्या खोलीतलं शिलाई मशीनही थांबतं. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. नुसते थांबतात. मग तिच्या मशीनची टकटक परत सुरू होते, आणि त्यानंतरच तो चावी फिरवतो.